एमआयटीचा मूल्यमापनाचा कोर्स: फील्डवर काम करणाऱ्यांनी तो का करावा

अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या ‘इव्हॅल्युएटिंग सोशल प्रोग्राम्स’ (सामाजिक कार्यक्रमांचं मूल्यमापन) या ऑनलाइन कोर्सबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. तालुक्याच्या ठिकाणी चालणाऱ्या छोट्या संस्थांमध्ये या कोर्सचं नाव सहसा कुणी घेत नाही, आणि घेतलंच तर ‘ते अर्थशास्त्रवाल्यांचं काम’ म्हणून विषय तिथेच मिटतो. म्हणून निकाल आधीच सांगून टाकते. इंग्रजी बऱ्यापैकी समजत असेल आणि तुमच्या हातात एखादा कार्यक्रम असेल, मग तो वाचन वर्गांचा असो, बचत गटांचा असो की कुपोषणाचा, तर हा कोर्स जरूर करा. पुढे काही उणिवा सांगणार आहे. त्या जमेस धरूनही माझं मत हेच आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूला, एका छोट्या शैक्षणिक संस्थेत कार्यक्रम समन्वयक आहे. आमच्या पोडांवरची, म्हणजे आदिवासी वस्त्यांवरची, मुलं घरी कोलामी बोलतात, काही गोंडी, आणि शाळेत गेली की मराठी ऐकतात. शाळा सुटल्यावर आम्ही वाचन वर्ग घेतो. मार्च आला की फंडरला अहवाल जातो: इतके वर्ग झाले, इतकी मुलं आली, जूनमध्ये इतकी मुलं शब्द वाचत होती, आता इतकी परिच्छेद वाचतात. आमच्या क्षेत्रातले बहुतेक अहवाल असेच असतात आणि त्यातले आकडे खरेही असतात. पण या वाढीतली तुमची किती आणि वर्षभर शाळेत गेल्यामुळे आपोआप झालेली किती, असं कुणी विचारलं तर अहवालात उत्तर सापडत नाही. हा कोर्स या एका प्रश्नावर उभा आहे.

कोर्स तयार केलाय जे-पाल या संशोधन केंद्राने. हे केंद्र 2003 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी सुरू केलं. बॅनर्जी आणि दुफ्लो यांना 2019 चा अर्थशास्त्राचा नोबेल मायकेल क्रेमर यांच्यासह मिळाला, तो याच कामासाठी. (बॅनर्जींचं पूर्ण नाव अभिजित विनायक बॅनर्जी. आई मराठी, जन्म मुंबईचा.) औषधाची चाचणी घेतात तशी सामाजिक कार्यक्रमाची चाचणी घ्यायची, म्हणजे गावं किंवा शाळा चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटायच्या, एका गटात कार्यक्रम राबवायचा आणि शेवटी दोन्ही गट मोजायचे, ही त्यांची पद्धत. ऐकायला सोपी वाटते. ती नीट अमलात आणायला काय काय लागतं, ते या कोर्समध्ये शिकायला मिळतं.

सुरुवात ‘थिअरी ऑफ चेंज’पासून, म्हणजे कार्यक्रमामुळे बदल नेमका कसा घडेल याच्या मांडणीपासून, होते. लॉगफ्रेम (उद्दिष्टं, कामं आणि निकाल यांचा तक्ता) भरून कंटाळलेल्यांना हा भाग ओळखीचा वाटेल आणि तो पुढे ढकलून देण्याचा मोह होईल. तसं करू नका. लॉगफ्रेममध्ये आपण चौकटी भरतो. इथे दोन चौकटींमधला बाण तपासायला लावतात: वर्ग घेतला म्हणजे मूल वाचायला शिकलं, या दोहोंच्या मध्ये किती गोष्टी घडाव्या लागतात? स्वयंसेविका यायला हवी, मूल यायला हवं, त्या वेळी ते कापूस वेचायला गेलेलं नसावं, गोष्टीचं पुस्तक त्याला झेपणारं असावं. यातला प्रत्येक दुवा वेगळा मोजता येतो. पुढे निकाल वाईट आला तर कडी कुठे तुटली हे त्यावरूनच कळतं.

सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते ‘रॅण्डमाइझ का करायचं’, म्हणजे गट चिठ्ठ्या टाकूनच का पाडायचे, या भागात. जे-पालच्या प्रशिक्षणात हा मुद्दा समजावण्यासाठी ‘प्रथम’च्या वाचन कार्यक्रमावर आधारलेली एक केस स्टडी वापरतात. तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

प्रथम ही मुंबईत 1995 मध्ये सुरू झालेली संस्था. तिने उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात जे-पालच्या संशोधकांबरोबर एक मोठा प्रयोग केला. 280 गावं निवडली आणि चिठ्ठीने चार गट पाडले. एका गटात गावकऱ्यांना ग्राम शिक्षा समितीची आणि तिच्या अधिकारांची माहिती दिली. दुसऱ्यात त्यासोबत मुलांचं वाचन कसं तपासायचं ते गावकऱ्यांनाच शिकवलं आणि गावाचं प्रगतिपुस्तक तयार करायला लावलं. तिसऱ्यात हे सगळं करून वर गावातल्या तरुणांना वाचन वर्ग कसे घ्यायचे याचं प्रशिक्षण दिलं. चौथ्या गटात काहीच केलं नाही.

केस स्टडीत तुमच्यासमोर याच कार्यक्रमाचे आकडे येतात, पण चार-पाच वेगवेगळ्या पद्धतींनी वाचलेले. वर्गाला आलेली मुलं आणि न आलेली मुलं यांची सरळ तुलना केली तर कार्यक्रमाने नुकसान झालंय असं वाटतं, कारण वर्गाला मुळात कच्ची मुलंच जास्त येत होती. त्याच मुलांची आधीची आणि नंतरची पातळी पाहिली तर कार्यक्रम फार यशस्वी वाटतो, कारण वर्षभरात सगळीच मुलं थोडी पुढे सरकतात. आणखी दोन पद्धतींनी आणखी दोन उत्तरं मिळतात. मुलं तीच, परीक्षा तीच, आणि निष्कर्ष एकमेकांच्या विरुद्ध. यातला एकेक निष्कर्ष वर्तमानपत्रातल्या बातमीसारखा किंवा वाचकाच्या पत्रासारखा मांडलेला आहे आणि त्यात चूक कुठे आहे ते तुम्हाला शोधायचं असतं. ते करताना मला गेल्या काही वर्षांत वाचलेले कितीतरी अहवाल आठवले. अमुक उपक्रमामुळे पटसंख्या वाढली, तमुक ॲपमुळे गणित सुधारलं. त्यातल्या जवळजवळ प्रत्येकात यातली एक ना एक पद्धत होती आणि तुलनेचा गट कुठेच नव्हता.

जौनपूरचा खरा निकालही ऐकण्यासारखा आहे. फक्त माहिती दिल्याने काही बदललं नाही. समितीचे अधिकार सांगून शाळा सुधारल्या नाहीत आणि प्रगतिपुस्तकानेही सुधारल्या नाहीत. पण जिथे गावातल्या तरुणांनी स्वतः वर्ग घेतले, तिथे वर्गाला आलेली मुलं वाचनात स्पष्ट पुढे गेली. अडचण अशी की ज्यांना गरज होती त्यातली थोडीच मुलं वर्गाला आली. लोकसहभागाच्या नावाने आपण गावोगावी बैठका घेतो, सह्या घेतो, फोटो काढतो. त्यांचा उपयोग किती, हे या एका प्रयोगाने जितकं स्पष्ट दाखवलं तितकं मला दुसऱ्या कशाने कळलं नव्हतं.

चिठ्ठ्या टाकण्याला आमच्याकडे लोक बिचकतात. ‘काही मुलांना मुद्दाम वंचित ठेवायचं का?’ हा पहिला प्रश्न असतो आणि तो अगदी रास्त आहे. कोर्स हा प्रश्न टाळत नाही. चिठ्ठी कशी टाकायची यावर एक वेगळा भाग आहे आणि त्यात सगळ्यांना काहीतरी मिळूनही तुलना कशी शक्य होते ते सांगितलंय. याचं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे वडोदऱ्यातला बालसखीचा प्रयोग. मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांमध्ये प्रथमने हा कार्यक्रम चालवला होता. वस्तीतलीच शिकलेली एक तरुण मुलगी वर्गातली मागे पडलेली 15-20 मुलं घेऊन रोज दोन तास बसायची आणि त्यांना अक्षरं, अंक, बेरीज-वजाबाकी शिकवायची. मानधन महिन्याला 500 ते 750 रुपये. वडोदऱ्यात निम्म्या शाळांना तिसरीसाठी बालसखी दिली आणि उरलेल्यांना चौथीसाठी. दुसऱ्या वर्षी अदलाबदल. म्हणजे बालसखी प्रत्येक शाळेत होती, तरीही तिसरीच्या मुलांची तुलना तिसरीच्याच मुलांशी करता आली. दुसऱ्या वर्षअखेर मुलांचे गुण 0.28 प्रमाण विचलनाने (गुण किती पसरलेले आहेत त्याचं माप) वाढलेले दिसले आणि सर्वांत जास्त फायदा सर्वांत मागच्या मुलांना झाला. कार्यक्रम थांबल्यावर एका वर्षाने मोजलं तेव्हा हा फायदा बराच ओसरलेला होता. हेही त्यांनी त्याच निबंधात छापलं. त्यासाठी मला या मंडळींबद्दल आदर वाटतो. यश छापणारे पुष्कळ असतात.

हे वाचल्यावर आम्ही आमच्याकडे तेच केलं. नव्या वर्षात सगळ्या पोडांवर एकदम वर्ग सुरू करायला स्वयंसेविका पुरेशा नव्हत्याच. आधी कुठे आणि नंतर कुठे हे एरवी आम्ही ऑफिसात बसून ठरवलं असतं: रस्ता बरा आहे तिथे, ओळखीचा सरपंच आहे तिथे. त्याऐवजी ग्रामपंचायतीच्या ओसरीवर सगळ्यांसमोर पोडांची नावं चिठ्ठ्यांवर लिहिली, स्टीलच्या डब्यात टाकली आणि दुसरीतल्या एका मुलीला काढायला लावली. प्रत्येक चिठ्ठी उघडून मोठ्याने वाचली आणि भिंतीवरच्या कागदावर लिहिली. ज्यांचं नाव दुसऱ्या वर्षात गेलं ते नाराज झाले, पण कुणी वशिल्याची भाषा काढली नाही. एक म्हातारे बाबा म्हणाले, “हे बरं केलं ताई, नाहीतर दर बारीला रोडवरचीच गावं पहिली.” चिठ्ठी ही मोजमापाची पद्धत आहे हे आम्ही कोर्समध्ये शिकलो होतो. गावाने ती न्यायाची पद्धत म्हणून स्वीकारली.

सॅम्पल साइझचा, म्हणजे किती मुलं आणि किती शाळा मोजायच्या याचा, भाग अवघड आहे. गणिताची सवय सुटलेली असेल तर तिथे थांबून थांबून जावं लागतं, व्हिडिओ पुन्हा पाहावा लागतो. पण त्यातला एक मुद्दा सूत्राशिवायही कळतो आणि तो प्रत्येक संस्थाचालकाला माहीत असायला हवा. एका आश्रमशाळेतली 100 मुलं मोजली म्हणजे 100 वेगवेगळ्या गोष्टी कळल्या असं होत नाही. त्यांचे शिक्षक तेच, वसतिगृह तेच, गणिताची जागा रिकामी असेल तर ती सगळ्यांसाठीच रिकामी. शितावरून भाताची परीक्षा होते, पण ती त्या एकाच हंडीतल्या भाताची. म्हणून त्याच शाळेतली मुलं वाढवण्यापेक्षा शाळा वाढवल्या तर माहिती जास्त मिळते. आमच्यासारख्या आठ-दहा गावांत काम करणाऱ्या संस्थेला यातून एक कडू गोष्टही कळते: आमच्या एवढ्याशा कामावरून परिणामाचा पक्का आकडा निघणारच नाही. चार संस्थांनी मिळून एकच चाचणी, एकाच वेळी, एकाच पद्धतीने घेतली तर कदाचित निघेल. हा विचार मला कोर्सने दिला आणि सध्या जिल्ह्यातल्या दोन संस्थांशी आमचं त्यावर बोलणं चालू आहे.

आता उणिवांकडे वळते.

पहिली आणि मोठी उणीव भाषेची. सगळं इंग्रजीत आहे. व्हिडिओखाली इंग्रजी मजकूर येतो, त्यामुळे वाचत वाचत समजून घेता येतं. पण आमच्या फील्डवरच्या ताई, ज्या रोज मुलांसमोर बसतात, त्यांना याचा काहीच उपयोग नाही. बारावी झालेली, हुशार, आकड्यांना पक्की अशी आमची एक कार्यकर्ती आहे. कुठल्या मुलाची चाचणी घाईत घेतली गेली, कुठला आकडा ऑफिसात बसून भरलेला आहे, हे तिला नुसता फॉर्म पाहून कळतं. मूल्यमापनाची क्षमता म्हणतात ती तिच्यात भरपूर आहे. पण कोर्सच्या दारात ती शिरू शकत नाही. मी शिकून येऊन तिला मराठीत सांगते, दुपारच्या बैठकीत फळ्यावर चित्रं काढून. ते चालतं, पण प्रत्येक संस्थेत असं सांगणारं कुणी असेलच असं नाही. हिंदीत, मराठीत, निदान या एका छोट्या कोर्सचं रूप यायलाच हवं.

दुसरी गोष्ट, कोर्सचा सगळा भर चिठ्ठी टाकून केलेल्या चाचणीवर आहे. इतर पद्धती येतात त्या बहुतेक ‘यात काय चुकू शकतं’ हे दाखवण्यासाठी. मला हा भर थोडा जास्त वाटला. आपल्या विदर्भातल्याच गडचिरोलीचं उदाहरण घ्या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1984 मध्ये अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं, परत आले आणि 1986 मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा त्यांचा प्रयोग 39 गावांत झाला आणि तुलनेसाठी 47 गावं होती. गावं चिठ्ठीने वाटलेली नव्हती. पण तुलनेचा गट होता, दोन्हीकडच्या जन्ममृत्यूंची कसून नोंद होती, आणि सुरुवातीची पातळी नीट मोजलेली होती. प्रयोगाच्या गावांतला नवजात मृत्युदर हजारी 62 वरून तिसऱ्या वर्षी 25 च्या आसपास आला. 1999 मध्ये हा निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि पुढे 2011 पासून देशभरातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाला तपासू लागल्या, त्यामागे हे काम आहे. बाहेर जाऊन शिकायचं आणि प्रश्न मात्र इथला, इथल्या लोकांचा घ्यायचा, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. गावातल्या कमी शिकलेल्या बाया, ज्यांना तिथे आरोग्यदूत म्हणतात, बाळाचं वजन घेत होत्या, श्वास मोजत होत्या, नोंदी ठेवत होत्या. कोर्समध्ये असं एखादं उदाहरण सविस्तर असतं तर आमच्यासारख्यांना ‘चिठ्ठी शक्य नसेल तर निदान काय करावं’ याचं चांगलं उत्तर मिळालं असतं.

नैतिकतेचा भाग आहे आणि चांगला आहे: संमती, माहितीची गुप्तता, माणसांवरच्या संशोधनाला आधी समितीची मंजुरी. पण मंजुरी देणारी समिती मोठ्या विद्यापीठांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत असते. तालुक्यातल्या संस्थेने ती आणायची कुठून, हा प्रश्न उरतोच.

माझ्या मनात सगळ्यात जास्त घोळत राहिलं ते मात्र कोर्सच्या बाहेरचं. परदेशी विद्यापीठाशी भागीदारी म्हटली की आपल्याकडे दोन टोकं दिसतात. एक टोक मी जवळून पाहिलंय. नाव घेत नाही, पण एका परदेशी विद्यापीठाचं पथक आमच्या भागात आलं होतं. शहरातून आणलेले सर्वेक्षक टॅब घेऊन पोडांवर फिरले. प्रश्नावली इतकी लांब की बायकांची शेतात जायची वेळ टळून जायची. आमच्या ताई वाट दाखवायला, ओळख करून द्यायला आणि कोलामीतून बोलायला बरोबर. काम संपलं, पथक गेलं. पुढे काय निघालं ते ना आम्हाला कळलं, ना त्या बायकांना. एका आजीने मला नंतर विचारलं, “त्या पोरींनी एवढं लिहून नेलं, त्याचं काय झालं?” मी काय सांगणार होते?

दुसरं टोक म्हणजे प्रथम आणि जे-पालची जोडी. बालसखीपासून सुरू झालेली ही भागीदारी वीस वर्षांहून जास्त टिकली. प्रश्न प्रथमचे होते: वस्तीतल्या मुलीने शिकवलं तर मूल शिकतं का, उन्हाळी शिबिरात शिकतं का, सरकारी शिक्षकाने पातळीनुसार गट करून शिकवलं तर शिकतं का. उत्तर ‘नाही’ आलं की प्रथमने कार्यक्रम बदलला आणि पुन्हा मोजायला दिला. आणि मोजण्याची कला त्यांनी फक्त संशोधकांच्या हाती ठेवली नाही. 2005 पासून निघणारा ‘असर’ अहवाल पाहा. जिल्ह्यातली 30 गावं, गावातली 20 घरं, आणि चाचणी घेणारे त्याच जिल्ह्यातले कॉलेजचे विद्यार्थी किंवा स्वयंसेवक. मुलापुढे एक कागद धरायचा: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल अंगणात बसून वाचतं, आई दारात उभी राहून ऐकते. निकाल तिला तिथल्या तिथे कळतो, त्यासाठी कुठल्या निबंधाची वाट पाहावी लागत नाही. हीच पद्धत पुढे पाकिस्तानात गेली, 2009 पासून केनिया, टांझानिया, युगांडात ‘उवेझो’ नावाने रुजली, मेक्सिकोतही पोहोचली. शिकण्याची दिशा फक्त अमेरिकेकडून भारताकडे होती असं कुणी म्हणू नये. भारतातलं केनियाने घेतलं, आणि केनियातल्या जंताच्या गोळ्यांच्या प्रयोगावर आज आपण कोर्समध्ये शिकतो.

लसीकरणाचा उदयपूरचा प्रयोगही असाच ‘सेवा मंदिर’ या तिथल्या जुन्या संस्थेबरोबर झाला. 134 गावं. नियमित शिबिरं घेतली तिथे पूर्ण लसीकरण झालेली मुलं 18 टक्के, शिबिरासोबत प्रत्येक लसीला एक किलो डाळ आणि लसीकरण पूर्ण झाल्यावर ताटांचा संच दिला तिथे 39 टक्के, आणि काहीच केलं नाही तिथे 6 टक्के. डाळ दिल्याने खर्च वाढला असेल असं वाटतं. उलट प्रत्येक मुलामागचा खर्च जवळजवळ निम्म्यावर आला, कारण नर्सला दिवसभर बसायचंच असतं आणि तेवढ्या वेळात दुपटीने मुलं येऊ लागली. आमच्या अंगणवाडी ताईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना आश्चर्य वाटलं नाही. त्या म्हणाल्या, रोजी बुडवून यायचं तर बाईला काहीतरी घरी न्यावं वाटणारच. हे त्यांना माहीत होतं. आता आकडा आहे, म्हणून तेच वरच्या बैठकीत सांगता येतं.

स्थानिक क्षमता उभी करायची म्हणून जागतिक बँकेच्या पुढाकाराने 2010 मध्ये ‘क्लिअर’ नावाची केंद्रं सुरू झाली. दक्षिण आशियाचं केंद्र जे-पालच्या इथल्या कार्यालयाकडे होतं. आफ्रिकेतलं एक जोहान्सबर्गच्या विट्स विद्यापीठात आहे, एक सेनेगलमधल्या डाकारमध्ये. सरकारी अधिकारी आणि संस्थांच्या वरिष्ठांना मूल्यमापन शिकवणं हे त्यांचं काम. नीती आयोगातही 2015 पासून मूल्यमापनाचं वेगळं कार्यालय आहे. हे सगळं हवंच. पण दिल्ली-चेन्नईपर्यंत आलेली क्षमता आमच्या केळापूर तालुक्यापर्यंत येत नाही, तोवर फॉर्म भरणारी एक आणि त्याचा अर्थ लावणारी दुसरी असंच चालणार. कुठलीही संस्था उद्या भागीदारीचा प्रस्ताव घेऊन आली तर मी आता कागदावर लिहून घेते: प्रश्न ठरवताना आमची माणसं बसतील, माहितीची एक प्रत आमच्याकडे राहील, आणि निकाल आधी पोडावर सांगितला जाईल, त्यांच्या भाषेत. कोर्स केल्यामुळे हे मागायचं धैर्य आलं. समोरचा ‘क्लस्टर’ म्हणाला, ‘अट्रिशन’ म्हणाला तर आपण गप्प बसत नाही, विचारतो की मधेच सोडून गेलेल्या मुलांचं तुम्ही काय करणार.

पैशांचं: कोर्स पाहायला, शिकायला फुकट आहे. प्रमाणपत्र हवं असेल तर शुल्क. नोकरीच्या अर्जाला जोडायचं नसेल तर प्रमाणपत्राच्या मागे लागू नका. पुढे जायचं असेल तर याच मंडळींचा ‘डेटा, इकॉनॉमिक्स अँड डिझाइन ऑफ पॉलिसी’ हा मायक्रोमास्टर्स, म्हणजे ऑनलाइन कोर्सचा संच, आहे. त्यात सूक्ष्म अर्थशास्त्र, आकडेवारीचं विश्लेषण, जागतिक गरिबी, चाचणीची आखणी असे पूर्ण लांबीचे कोर्स आहेत. प्रत्येक कोर्सचं शुल्क तुमच्या उत्पन्नावर ठरतं, परीक्षा देखरेखीखाली होते आणि चांगले गुण मिळाले तर एमआयटीच्या पदव्युत्तर पदवीसाठी अर्ज करता येतो. आकडेवारीच्या कोर्समध्ये ‘आर’ ही संगणकाची भाषा येते, गणितही पक्कं लागतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या अर्थशास्त्र, संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी याकडे जरूर पाहावं. संस्था चालवणाऱ्यांना मात्र छोटा कोर्स पुरेसा आहे.

ज्यांना सुरू करायचंय त्यांच्यासाठी: एकट्याने करू नका, संस्थेतल्या दोघी-तिघींनी मिळून करा, म्हणजे केस स्टडीवर वाद घालता येतो. पहिल्यांदा ‘रॅण्डमाइझ का’ हा भाग बघा आणि मग सुरुवातीपासून या. नेट कमजोर असेल तर तालुक्याला आल्यावर व्हिडिओ आणि मजकूर उतरवून घ्या. सॅम्पल साइझला अडलात तर तो बाजूला ठेवून पुढचा भाग करा, मागे येता येतं. शेजारी तुमच्या संस्थेचा गेल्या वर्षीचा अहवाल उघडा ठेवा आणि प्रत्येक भाग झाला की त्यातलं एक वाक्य निवडून विचारा, कशाच्या तुलनेत? आमच्या फळ्यावरच्या मराठी टिपणांच्या वह्या झाल्या आहेत. जवळपासच्या तालुक्यातल्या कुणाला हव्या असतील तर झेरॉक्स काढून द्यायला मी तयार आहे.